पुलाखालचं माणूस

"फेटा घे आन् मागच्या दारानं चल," महिपतदादा म्हणाला, तेव्हा मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होते. परातीत अजून दोन भाकरींचं पीठ होतं आणि तव्यावरची करपायला आली होती.

"कुणाचा फेटा?"

"आबांचा. डोक्याला बांध. घोंगडी बी घे, लुगडं झाकलं पायजे."

"आन्?"

"आन् पुलाखाली जाऊन बस."

मी भाकरी उलटली. त्याचं बोलणं समजलं नाही असं नव्हतं. समजलं म्हणूनच आधी भाकरी उलटली.

दादाची बायको वैजयंतावैनी उंबऱ्यात पदर तोंडाला लावून उभी होती. त्या सकाळी तिनं माझ्या चहात साखर नीट घातली होती, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. नवऱ्यानं दुसरी केली आणि मी माहेरी परत आले, तेव्हापासून या घरात माझा चहा जवळजवळ बिनसाखरेचाच असायचा. मी काही म्हणत नसे. पहाटेची झाडलोट, पाणी, शेण, दादाच्या दोन पोरांची आंघोळ, आबांचं अंथरुणातलं सगळं, वर भांडी, एवढं उरकलं की माणसाला साखरेची आठवण राहत नाही. तिशी नुकतीच ओलांडली होती, पण मी साठीच्या बाईसारखी दमलेली होते.

पुलाखाली बसायचं म्हणजे काय, ते आधी सांगते.

आमच्या माळशिंगीला कापरी नदीवर काळ्या दगडाचा पाच कमानींचा पूल आहे. साहेबाच्या अमदानीतला. बैल जुंपलेल्या घाण्यात मळलेला चुना, आणि एकावर एक नुसते घडून बसवलेले दगड. तो बांधणारा मुख्य गवंडी सटवाजी, म्हणजे माझ्या आबांचा पणजोबा. कमान बांधताना तिच्याखाली लाकडाचा आधार उभा करतात, त्याला ढोला म्हणतात. शेवटचा दगड बसला की ढोला काढायचा, मग कमान स्वतःच्या बळावर उभी राहते किंवा राहत नाही. मधल्या मोठ्या कमानीचा ढोला काढायची वेळ आली, तर मजूर दोराला हात लावीनात. साहेबही काठावर घुटमळला. तेव्हा म्हणे सटवाजीनं डोक्याला तांबडा फेटा बांधला, अंगावर घोंगडी घेतली आणि कमानीच्या खांबाला टेकून खालच्या चौथऱ्यावर जाऊन बसला. ते पाहून मजुरांनी काठावरून दोर ओढले. ढोला कडाडत नदीत गेला आणि कमान जागची हलली नाही.

तेव्हापासून गावात रिवाज पडला. पुलावरून आजवर गेलं नाही असं काही जड जायचं असेल, तर आधी गवंड्याच्या घरचं माणूस खाली बसलं पाहिजे. तोच फेटा, तीच घोंगडी लागते. बसलेल्या माणसाजवळ कुणी जायचं नाही, त्याला हाक मारायची नाही. ते सुखरूप वर आलं की गाव नवा फेटा आणि नारळ देऊन त्याचा मान करतं. गावात पहिली एस्टी आली तेव्हा आबा बसले. सडकेचा रोडरोलर आला तेव्हा आबा बसले. जत्रेत पहिला फेटा आबांचा, पंगतीत पहिलं पान आबांचं. पारावर बसून ते ही हकिकत सांगायला लागले की माणसं विड्या विझवून ऐकायची. "वरनं चाक गेलं की पिठावानी माती अंगावर पडती," ते सांगायचे. "आन् दगूड कण्हतो. मी हात लावून म्हनलं, सटवाजीची आन हाय तुला." लहानपणी हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. आई मात्र पाराकडं कधी फिरकायची नाही. आबा तिथं रंगले की ती घरात काहीतरी निवडत बसलेली असायची.

आता नदीपलीकडं साखर कारखाना उभा राहत होता आणि त्याचा बॉयलर यायचा होता. भलामोठा, घराएवढा, अनेक चाकांच्या ट्रेलरवर बांधलेला. दुसरा रस्ता नव्हता. आदल्या पुरात मधल्या कमानीला चीर गेली होती. इंजिनिअर आला, चिरेत पेन्सिल घालून पाहिली आणि "पेलेल बहुतेक" म्हणून जीपमध्ये बसला. त्या बहुतेकच्या खाली कुणीतरी बसायचं होतं. माणूस बसल्याशिवाय बॉयलर पुलावर चढू देणार नाही, असं गावानं कारखान्याच्या चेअरमनना, म्हणजे रंगरावांना सांगितलं. रंगराव शहाणे. त्यांनी महिपतदादाला बोलावून घेतलं आणि कारखान्याच्या फाटकावरची नोकरी कबूल केली.

आबांच्या अंगावरून वारं गेलेलं. उजवी बाजू लुळी. तरी दादानं गावात सांगून ठेवलं की म्हाताऱ्याला झाकल्या बैलगाडीतून आधीच नेऊन बसवतो, माणसांच्या गर्दीत नको. गाव खूष झालं. मलाही ते खरंच वाटलं होतं. लुळ्या माणसाला तिथं नेणार म्हणून मी मनातल्या मनात दादाला शिव्या देत भाकऱ्या थापत होते. माझं डोकं एवढंच चालायचं तेव्हा.

"तू का बसत न्हाईस?" मी दादाला विचारलं.

"मला दोन लेकरं हायती."

"आन् मला?"

"तुझं काय," तो म्हणाला. "तुला कोण हाय मागं?"

त्यानं ते टोचून बोलून दाखवलं असतं, तर बरं वाटलं असतं. तो नुसता सांगत होता, उद्या बाजार आहे असं सांगावं तसं.

"आन् न्हाई बसले तर?"

वैनी पदराआडून म्हणाली, "वन्सं, नोकरी लागली तर तुमच्या बी ताटात पडंल की."

"न्हाई बसलीस तर तुझी तू सोय बघ," दादा शेवटी म्हणाला. "लई वर्सं पोसलं."

मी तव्यावरची भाकरी काढली, जाळ ओढून घेतला आणि उठले. जाणार कुठं होते?

आबा सोप्यात बाजेवर होते. त्यांच्या उशाशी पेटी. पेटीतला तांबडा फेटा मी काढला, झटकला, एक टोक दातांत धरलं आणि पीळ देत डोक्याभोवती घ्यायला लागले. हात आपसूक फिरत होते. कानाच्या वर, कपाळावर चढता, मागं केसांचा अंबाडा पुरता आत. शेवटचं टोक खोचून मी वळले, तर आबा माझ्याकडं टक लावून बघत होते.

"कुनी शिकीवलं?" ते म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती, पण समजायचं.

"आईनं."

आबांनी मान भिंतीकडं वळवली.

तेव्हा मला ते आठवलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. दुपारी घरात कुणी नसलं की आई पेटीतून हाच फेटा काढायची आणि म्हणायची, चल, गवंडी-गवंडी खेळू. ती मला बांधायला लावायची आणि स्वतः सोडायची. पुन्हा बांध. पुन्हा. मला कंटाळा यायचा. "घट बांध," ती म्हणायची, "ढिला ऱ्हायला तर वाऱ्यानं उडंल आन् केस दिसत्याल." मी हसायचे. खेळात केस दिसले तर कुणाचं काय जातं? आई हसायची नाही. आणि हा फेटा धुवायचा झाला तर तीच धुवायची, आम्हाला कुणाला हात लावू द्यायची नाही. ती जाऊन चार वर्षं झाली होती आणि मला हे आता कळत होतं.

"आबा," मी विचारलं, "आई बसायची?"

"चल, उशीर हुतोय," दादा दारातून म्हणाला.

"आबा, आई बसायची का?"

"दोनदा," आबा भिंतीला म्हणाले. "एस्टीला. आन् रोलरला."

"आन् त्याच्या आधी?"

"माझी आत्या. बापानं बसीवली."

"आन् सटवाजी?"

बाजेची सुंभं कुरकुरली. "त्याची भन हुती," ते म्हणाले. "ठकू. लहानपणीच कपाळ पांढरं झालेली. कर्ता हात गेला तर घर बसंल, म्हनून. आमच्यात असंच हाय, द्वारके. पुरुष बाभळीच्या मागं थांबायचा. बाई आली की तिच्या डोक्याचा फेटा आपल्या डोक्यावर घालायचा आन् वर जायचं."

दादाला हे त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तोवर बिचारा दादा, आपल्यालाच बसावं लागणार म्हणून, दोन दिवस जेवला नव्हता. मग एकदम कसा जेवला, ते मला आता उमजलं.

मी घोंगडी उचलली. मागून आबा म्हणाले, आणि ते मी विचारलंही नव्हतं, "एस्टीच्या टायमाला तिला दिस गेलेलं हुतं. तुझ्या येळंचं."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. म्हणजे मी त्या पुलाखाली आधीच एकदा बसून आले होते. ही माझी दुसरी खेप होती.

राग यायला पाहिजे होता, मला माहीत आहे. पण रागाला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. मला फक्त आई दिसत होती. ती एवढं पोटात ठेवून रोज आम्हाला वाढत होती, आबा पारावर रंगत होते आणि ती घरात डाळ निवडत होती.

दादानं मला झाकल्या गाडीतून नदीच्या वळणापर्यंत नेलं. तिथं बाभळीचं रान आहे. "झालं की हितंच यायचं," तो म्हणाला. "फेटा माझ्याकडं द्यायचा. आबास्नी दम लागला, गाडीत निजवलंय म्हनून मी वर जाऊन मान घेतो. तू गाडीत पडून ऱ्हायचं." मी मान हलवली. चैत्र होता, नदी पायाच्या घोट्याएवढी. मी वाळूतून चालत गेले आणि मधल्या कमानीखाली चौथऱ्यावर बसले.

आत गार होतं. इतकं गार की सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. काही काम नव्हतं. कुणी हाक मारणार नव्हतं, कारण रिवाजच तसा होता. डोक्यावर ती चीर दिसत होती, वाकडीतिकडी, दोन दगडांच्या मधून तिसऱ्यात शिरलेली. कमानीच्या पोटाला पाकोळ्यांची घरटी होती. मी खांबाला पाठ टेकली आणि मला वाटलं, पडला तर पडू दे एकदाचा. पोरांची आंघोळ वाचेल.

वरचं बोलणं तिथं खाली स्पष्ट ऐकू येतं. कमानीत आवाज घुमून उतरतो. कुणी तंबाखू मागत होतं. कुणाचं पोर रडत होतं आणि आई त्याला दटावत होती. मग लांबून ट्रेलरचा घरघराट आला आणि क्लीनरची आरोळी, "आने दो, आने दो!"

पहिली चाकं पुलावर चढली तशा पाकोळ्या एकदम उडाल्या. सगळ्या. एकही मागं राहिली नाही. माझ्या पाठीशी असलेला दगड थरथरायला लागला, ती थरथर पाठीतून दातांत आली. मी चिरेकडं बघत होते. आणि मला भीती वाटली. अशी भीती की घोंगडीच्या आत माझे हात पाय माझे राहिले नाहीत. मला मरायचं नव्हतं. मी इतकी दमलेली, इतकी विटलेली, आणि तरी मला मरायचं नव्हतं, हे मला तिथं कळलं. मी दगडाला म्हणाले, "थांब बाबा, थांब." सटवाजीची आण वगैरे मला काही सुचलं नाही.

बॉयलर बरोबर डोक्यावर आला. तेव्हा वर कुणीतरी ओरडलं, "तातोबा गवंडी की!" आणि सगळा गाव म्हणाला, "जय!"

तातोबा म्हणजे माझे आबा. ते घरी बाजेवर होते. मी खाली होते आणि माझ्या डोक्यावर बॉयलर होता आणि त्याच्याभोवती आबांचा जयजयकार चालला होता. पुन्हा एकदा, आणि पुन्हा एकदा. आईनंही असाच ऐकला असणार. पोटात मला घेऊन.

मग चाकं पलीकडं उतरली. थरथर थांबली. दगड होता तसा झाला, चीर होती तेवढीच राहिली. वर ताशा सुरू झाला.

मी उठले. डावीकडं बाभळीची पायवाट होती, काट्यांची, वाकून जावं लागणारी, आणि तिच्या टोकाला दादा हात हलवून मला बोलावत होता. उजवीकडं घाटाच्या पायऱ्या होत्या, सरळ सडकेवर जाणाऱ्या. पुढं लोक म्हणाले, द्वारकीनं मोठं धाडस केलं. कुणी म्हणालं, सूड उगवला. तसं काही नव्हतं. मला त्या बाभळीतून वाकत, लपत जायचा कंटाळा आला होता. पायऱ्या जवळ होत्या.

दादा धावत आला. "येडी झालीस का? खाली बस! फेटा दे हिकडं!"

"दादा, मी दमले," मी म्हणाले आणि पायऱ्या चढत राहिले. फेट्याखाली घाम धरला होता, म्हणून तो सोडून हातात घेतला. घोंगडी पायरीवरच टाकली.

वर रंगराव ताट घेऊन उभे होते. ताटात नवा फेटा, नारळ, कुंकू. ताशेवाल्यानं मला पाहिलं आणि त्याच्या काड्या थांबल्या. मी केस मोकळे, लुगड्याला वाळू लागलेली, अशी सगळ्यांच्या मधोमध उभी राहिले.

"तातोबा कुठं हाय?" रंगराव म्हणाले.

"घरी. बाजेवर. त्ये खाली कधीच आलं न्हाईत."

"मग आतापातुर कोन बसायचं?"

"माझी आई."

मागं बायकांच्या गर्दीतून एक म्हातारी हळूच बोलली, "आन् तिच्या आदी तिची आतेसासू." तिच्या शेजारच्या बायांनी माना हलवल्या. तेव्हा मी नीट पाहिलं. पुरुष सगळे आ वासून उभे होते. बायकांमध्ये मात्र एकही चेहरा चकित नव्हता.

रंगरावांना काय करावं कळेना. बाईच्या डोक्याला फेटा बांधायचा कसा, आणि नाही बांधावा तर गाव बघतंय. त्यांनी ताट पुलाच्या कठड्यावर ठेवलं आणि ट्रेलर कुठवर गेला ते बघायला निघून गेले. मी ताटातला नारळ घेतला. घरात खोबरं संपलं होतं आणि आमटी व्हायची होती.

दादाला फाटकावरची नोकरी लागली, कारण बॉयलर तर पोचला होता. मला त्यानं घराबाहेर काढलं नाही, गावातल्या बायका अधूनमधून उगाच ताक मागायला येऊन बघून जायच्या म्हणून. पण वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि चहातली साखर गेली ती गेलीच. पुढं ऊस वाहणारे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आले, मोठाले टँकर आले. पुलाखाली बसायचं कुणी, हा प्रश्न दरवेळी निघायचा. चोरून बाई बसवायची सोय राहिली नव्हती आणि उघडपणे बसणारा पुरुष काही मिळाला नाही. रिवाज तिथंच संपला. आता शेजारी सिमेंटचा नवा पूल झाला आहे, जुन्यावरून फक्त गुरं जातात. परवा शाळेच्या बाई मुलांना घेऊन आल्या होत्या, पुलाचा इतिहास सांगा म्हणून. मी त्यांना ठकूपासून सांगितला. मुलांना सटवाजीच पाहिजे होता.

पण त्या दिवशीची संध्याकाळ सांगायची राहिली. दिवेलागणीला मी आबांना भरवायला बसले होते. भाकरी आमटीत कुस्करलेली, वरून त्या नारळाचं खोबरं. गावात काय झालं, ते त्यांना कुणी ना कुणी सांगितलं असणार. दिवसभर ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. आता वळले.

"द्वारके," ते म्हणाले. "खाली... माती पडती का गं?"

जन्मभर ते पारावर हेच सांगत आले होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते खरंच विचारत होते.

"न्हाई, आबा. काय पडत न्हाई."

"दगूड कण्हतो?"

"न्हाई."

त्यांचा डावा हात चादरीवर चाचपडत राहिला. "मग खाली बसलं की काय ऐकू येतं?"

मी घास त्यांच्या तोंडाशी नेला.

"तुमचं नाव," मी म्हणाले.

त्यांनी घास घेतला नाही. मी थोडा वेळ हात तसाच धरला, मग वाटी बाजेखाली झाकून ठेवली आणि भांडी घासायला उठले.